बाहुलीचा अंबाडा

माझ्या बाहुलीला टक्कल होतं आणि रविवारी तिला बघायला पाहुणे येणार होते! एवढी धांदल मी पुढे स्वतःच्या लग्नातही केली नाही.

बाहुली आत्यानं जुन्या धोतराची शिवली होती, आत कापूस ठासून. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. आमच्या पौडच्या घरात माझ्यासाठी वेळ असायचा तो फक्त तिलाच. नवरदेव होता बाजारपेठेतल्या कापडदुकानदाराच्या मुलीचा. ती माझ्याच वर्गातली, माझी मैत्रीण. दुकानातल्या मखमलीच्या चिंध्या तिला फुकट मिळत, त्यामुळे तिचा बाहुला कोट घालून मिरवायचा. वरपक्ष म्हणून ती भलतीच भाव खात होती. "पोरीचे केस लांब पायजेत," असं तिनं शाळेतच बजावलं होतं.

केसांसाठी काकाचा कोपरावर फाटलेला काळा स्वेटर मिळाला. एक टोक सापडलं आणि मग काय, सर्रर्र उसवत गेला! मी टोक धरून अंगणभर पळायची, आत्या मागून गुंडाळायची. पण उसवलेली लोकर सगळी कुरळी. मला ती तशीच लावायची होती, आत्ताच्या आत्ता.

"बाहुली हाय का अस्वल?" आत्या म्हणाली. "आदी भिजव, वजन टांग, वाळू दे."

ओली लडी वलणीला अडकवून तिनं खाली भरलेला तांब्या बांधला. मी सारखी जाऊन हात लावून बघायची आणि सारखी ओरडा खायची. वाळली तेव्हा लोकर खरंच सरळ झाली होती! मग ती माझ्या पाटीभोवती गुंडाळली आणि एका कडेनं कापली, म्हणजे सगळे केस सारख्या लांबीचे. डोक्यावर आडवे पसरून मधोमध टाके घातले, तोच भांग. मग कपाळाच्या आणि मानेच्या कडेनं केस लावले आणि लोकर संपली. बाकीचा स्वेटर कसरीनं खाल्लेला. मागचं डोकं कोरंच राहिलं.

"अंबाडा घालू," आत्या म्हणाली. "खाली काय हाय ते कोण बगतंय?"

कडेचे केस ओढून तिनं असा गच्च अंबाडा घातला, वर अबोलीची फुलं खोवली, की मी उड्याच मारल्या. अशी देखणी नवरी अख्ख्या मुळशीत नसेल, अशी माझी खात्री होती.

रविवारी वरपक्ष आला. मैत्रीण, कोटातला बाहुला आणि हसत हसत तिची आई. मी सगळ्यांना गूळपाणी दिलं. मैत्रीण पाटावर ऐटीत बसली. "नाव काय? सैपाक येतो का?" मी बाहुलीच्या बारीक आवाजात भराभर उत्तरं दिली. मग ती म्हणाली, "आता केस सोडून दाखवा. खरे हायेत का गंगावन?"

तेव्हा मुली बघताना हे चालायचंच, आणि तिनं मोठ्यांचं पाहिलं तेच केलं. मी मात्र बाहुली छातीशी घट्ट धरली. अंबाडा सुटला की टक्कल दिसणार आणि लग्न मोडणार! मी आत्याकडे पाहिलं. दिवाळीनंतर तिलाही पाहुणे बघून गेले होते. त्यांच्यातल्या एका बाईनं तिचा अंबाडा असाच सोडला होता. मुदतीच्या तापात आत्याचे केस गळाले होते. गंगावन त्या बाईच्या हातात आलं. त्या लोकांचा पुढे निरोप आला नाही.

आत्यानं माझ्या हातातून बाहुली घेतली.

"न्हाई सोडायचे," ती म्हणाली. "हायेत तेवढे केस हायेत. पोरगी अशीच हाय. पसंत असली तर सांगा, नसली तर उठा."

मैत्रिणीची आई हसायची थांबली. मैत्रीण एकदा बाहुल्याकडे, एकदा बाहुलीकडे बघत विचार करत बसली. मला तिचा इतका राग आला होता की तो बाहुला कोटासकट ओढ्यात फेकून दिला असता.

"पसंत हाय की!" ती एकदम म्हणाली. "लई पसंत हाय."

मी किंचाळत अंगणात धावले, शेजारणींना ओरडून सांगितलं, "जमलं, जमलं!" धापा टाकत परत आले तर आत्या बाहुली मांडीवर घेऊन रडत होती आणि मैत्रिणीची आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"परत येकदा म्हण," आत्या मैत्रिणीला म्हणाली.

मैत्रीण पाटावरून उठली, वरपक्षाचा सगळा तोरा विसरून तिच्याजवळ गेली.

"पसंत हाय, आत्या."