एनक टॅटर्सॉल आणि दोन महापौर

उत्तर इंग्लंडमधल्या ब्रॅकनशॉला दोन महापौर होते, आणि एनक टॅटर्सॉलच्या क्लबाने नेमक्या चुकीच्या महापौराला साकडं घातलं.

एनक तसा बावळट नव्हे. चाळीस वर्षं त्याने दुकानांतले वजनकाटे दुरुस्त केले होते. काटा अडतो म्हणजे नेमका कुठे अडतो, ते उघडून पाहिल्याशिवाय त्याला घास गोड लागायचा नाही. निवृत्त झाल्यावर काटे गेले, पण खोड राहिली. घरातलं गजराचं घड्याळ त्याने तीनदा सुटं केलं होतं.

"चालणाऱ्या घड्याळात बघायचं काय असतं रे?" बायको मर्टल विचारायची.

"चालतंय कसं, ते," हा म्हणायचा.

उरलेला सगळा वेळ जुन्या सूतगिरणीमागे, क्लबाच्या हिरवळीवर, बोल्स हा गोळ्यांचा खेळ खेळण्यात. तिथलं गवत एनकच राखायचा. आता उत्तरेकडच्या आमच्या हिरवळी कशा, मधोमध कासवाच्या पाठीसारख्या फुगलेल्या. त्या उतारावरून जड गोळा वळवत वळवत लहान गोळ्यापाशी नेऊन थांबवायचा. सरळ जाणाऱ्या गोळ्यात काय मजा आहे?

तर त्या मार्चमध्ये क्लबाला नगरपालिकेचं जाडजूड पाकीट आलं. गिरणीचा सगळा पडका भाग साफ करून तिथे सहाशे घरं, एक शाळा आणि नवा रस्ता होणार होता. सोबत नकाशा होता. नकाशावर लाल रेघ होती आणि रेघेच्या आत हिरवळ. द्यायची नसेल तर सक्तीने घेऊ, असंही सभ्य भाषेत लिहिलं होतं.

क्लबाची चिटणीस एडना प्लॅट हिने त्याच दिवशी पत्र टाकलं. साठ वर्षं क्लबाची पत्रं ज्या पत्त्यावर जायची, त्याच पत्त्यावर: 'महापौर, टाउन हॉल'. आणि साठ वर्षं ती पत्रं ज्याच्याकडे जायची त्याच्याकडेच हेही गेलं, म्हणजे साखळीवाल्या महापौराकडे. हा नगरसेवकांतून दरवर्षी पाळीने होतो, गळ्यात सोन्याची साखळी घालतो आणि एप्रिलमध्ये हंगामाचा पहिला गोळा टाकतो. त्या वर्षी पाळी क्लिफर्ड उट्लीची होती. क्लिफर्ड आला, बटाटा-मटणाचे दोन पॅटिस खाल्ले आणि हात उंचावून म्हणाला, "मी तुमच्या पाठीशी आहे!" टाळ्यांनी छप्पर हललं. बायकांचे डोळे ओले झाले.

मे महिन्यात दुसरं पाकीट आलं. रेघ होती तिथेच. एनकने क्लिफर्डला बाजारात गाठलं.

"क्लिफर्ड, तू शब्द दिला होतास."

"पाठीशी आहे म्हणालो होतो," क्लिफर्ड साखळी नसलेल्या गळ्यावरून हात फिरवत म्हणाला. "मला फिती कापायचाच अधिकार रे, एनक. ठरवणारी ती दुसरी. लोकांनी थेट मतं देऊन बसवलेली."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"कुणी विचारलंच नाही. आणि पॅटिस गरम होते."

त्या संध्याकाळी क्लबात एकच गदारोळ. स्टॅनली होइल म्हणाला, "थेट निवडलेली म्हणजे राणीच की! म्हणेल ते होणार. संपली हिरवळ."

"कसली राणी," एडना फणकारली. "सगळं लंडनहून ठरतं. तिच्या हातात पेनसुद्धा नाही."

एनक दोघांकडे आळीपाळीने बघत होता. एकाच काट्याची दोन वजनं कशी? शनिवारी सकाळी त्याने वही घेतली आणि वाचनालय गाठलं. महापौरबाई जोसलीन फर्नली तिथे लोकांना भेटायला बसत. पूर्वी त्या सुईणीचं काम करायच्या. अर्धं शहर त्यांच्या हातावर जन्मलेलं.

"पोरी, मी भांडायला नाही आलो," एनक खुर्ची ओढत म्हणाला. "तुझा हात कुठवर पोचतो, तेवढं बघायचंय."

बाई हसल्या. "असं अजून कुणी विचारलं नव्हतं. विचारा."

"हिरवळ घ्यायची कुणी ठरवलं?"

"मी."

"नगरसेवकांना न विचारता?"

"सल्ला घेते. पण या कामात सही माझ्या एकटीची चालते. माझं अंदाजपत्रक त्यांना फिरवायचं असेल तर दर तिनांतली दोन मतं लागतात."

"म्हणजे स्टॅनली म्हणतो तशी राणीच."

"कुठली राणी! बांधकामाला परवानगी देते ती समिती वेगळी, तिला मी हुकूम करू शकत नाही. आणि सक्तीने जमीन घ्यायची तर कागद लंडनला मंत्र्याकडे जातो. तुम्ही हरकत घेतलीत की चौकशी अधिकारी येतो."

एनकने सगळं वहीत टिपलं. "मग तुझा जोर आहे कशात?"

"रेघ कुठून ओढायची, त्यात."

"मग ही आमच्या अंगावरूनच का ओढलीस?"

बाईंनी फाइल उघडली आणि पाहणीचा अहवाल वाचू लागल्या. "पडीक मैदान. मध्यभागी जमीन वर आलेली, चारही कडा खचलेल्या. खेळण्यास अयोग्य."

एनक असा हसत सुटला की वाचनालयातली बाई "शूऽऽ" करत धावली.

"हा पाहणीवाला कुठला गं?"

"ब्राइटनचा."

"तरीच! दक्षिणेत हिरवळ ताटासारखी सपाट असते. त्या बिचाऱ्याला वाटलं, आमची बिघडली!"

जोसलीनबाई लाल झाल्या. त्या ब्रॅकनशॉच्याच. "ही ओळ मी वाचलीच नव्हती," त्या म्हणाल्या. "आकडे वाचले आणि सही केली."

सोमवारी त्या स्वतः हिरवळीवर आल्या, अभियंत्याला घेऊन. एक गोळा टाकला, तो थेट कडेच्या चरात गेला. स्टॅनली म्हणाला, "बाई, रेघाच ओढा तुम्ही." त्यांनाही हसू आलं. पण मग त्या गंभीर झाल्या.

"रेघ मी आज फिरवते. रस्ता मात्र रद्द होणार नाही, सहाशे घरांना तो लागणारच. वळवला तर तुमच्या लाकडी खोलीवरून जाईल."

सगळे एकदम बोलायला लागले. खोली म्हणजे चहा, पत्ते, पावसातला आडोसा. तिचं छप्पर एनकने स्वतः घातलेलं.

"आणि आम्ही हरकत घेतली तर?" एनकने विचारलं.

"वर्षभर चौकशी चालेल. मंत्री दोन्ही वाचवतील, किंवा दोन्ही घालवतील. तो अधिकार माझा नाही, म्हणून त्याचा शब्द मी देत नाही."

स्टॅनली कानात पुटपुटला, "लढू या, एनक. क्लिफर्ड पाठीशी आहे म्हणाला होता."

"म्हणूनच नको," एनक म्हणाला. "हिला स्वतःचा हात कुठे थांबतो ते ठाऊक आहे." मग बाईंकडे वळला. "खोली घे. गवताला हात लावू नकोस."

हात वर करून मतं घेतली. एकोणीस विरुद्ध सात. सातांत स्टॅनली. त्यानंतर तो एनकशी नऊ दिवस बोलला नाही.

सप्टेंबरमध्ये रस्त्याच्या खुंट्या हिरवळीला वळसा घालून गेल्या. छप्पर एनकनेच उतरवलं, एकेक स्क्रू डब्यात टाकत. दुसऱ्याला हात लावू दिला नाही. पुढच्या शनिवारी दुपारी दोनला सामना होता. मंडळी फळांच्या खोक्यांवर बसली, मर्टलने थर्मासमधून चहा ओतला. पाऊस आला तेव्हा सगळे छत्र्या उघडून तसेच बसून राहिले.

एनक मात्र छत्रीखाली वही उघडून काहीतरी लिहीत होता.

"आता काय?" मर्टलने विचारलं.

"मंत्र्याला पत्र. त्याचा हात कुठवर पोचतो, ते राहिलंच विचारायचं."

"अरे, हिरवळ मिळाली ना तुला?"

"मिळाली की," एनक म्हणाला. "पण कळायला नको?"