पडद्यावरच्या ऑपरेटरबाई

रुग्णालयाच्या टेलिफोन ऑपरेटरबाई जन्मापासून आंधळ्या, आणि त्याहून जास्त संशयी. कुणी उगाच गोड बोललं की यांच्या मनात पाल चुकचुकलीच. घरचे त्यांना शंकासुर म्हणत, तेही बाईंना ऐकू जाणार नाही अशा आवाजात. तसा आवाज घरात अजून कुणाला जमला नव्हता.

म्हणून सिनेमावाले आले तेव्हा बाईंनी आधी विचारलं, "मीच का?"

दिग्दर्शक तरुण होता, घाईघाईने बोलत होता. अनोळखी माणसं एका जुनाट गाडीतून लांबच्या प्रवासाला निघतात, असा विनोदी सिनेमा. गाडीत सगळ्या तऱ्हेची माणसं हवीत आणि आंधळ्या बाईचं काम डोळस नटीने केलेलं त्याला चालणार नव्हतं.

"सगळ्या तऱ्हेची म्हणजे? एक जाडा, एक म्हातारा, एक परका आणि एक आंधळी? वाणसामान भरताय का?"

दिग्दर्शक हसला. बाईंना ते हसणं आवडलं नाही. सिनेमात आंधळा कशाला लागतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं: खांबावर आपटायला, नाहीतर भलत्याच्याच गळ्यात पडायला. लहानपणी एका समारंभात त्या पायरी चुकून पडल्या होत्या आणि सगळा हॉल हसला होता, आईसुद्धा. तेव्हापासून चारचौघांत हसं होण्याची धास्ती त्यांच्या मनातून कधी गेलीच नाही. तरीही त्या तयार झाल्या, कारण आपण नाही म्हटलं तर, दिग्दर्शक काहीही म्हणो, एखादी नटी डोळे फिरवत तेच करणार, याचा राग त्यांना जास्त होता.

आणि व्हायचं तेच झालं. गाडी रस्ता चुकून माळावर थांबते, बाई उतरतात आणि बॅगेला अडखळून पडतात, असा प्रसंग. "लोक पोट धरून हसतील," सहायक म्हणाला.

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "रस्ता चुकवला ड्रायव्हरने आणि आपटायचं मी? डोळे असून याला वळण दिसलं नाही. त्यापेक्षा स्टिअरिंग माझ्याकडे द्या. चुकायचंच असेल तर मीही चुकवीन की!"

मग दिग्दर्शक म्हणाला, "हेच बोला. पडू नका."

इतक्या सहज? इथे नक्की पाणी मुरतंय, बाईंना वाटलं. पुढे पडद्यावर हे लोक काय दाखवतील, ते आपल्याला थोडंच दिसणार आहे?

थिएटरात वहिनी शेजारी बसून कानात सगळं सांगत होती. ते वाक्य आलं आणि अख्खं थिएटर खदखदून हसलं. बाईंनी वहिनीचं मनगट पकडलं.

"मी पडले ना?"

"नाही हो ताई. नुसत्या उभ्या आहात."

"मग हसतायत कशाला?"

"तुमच्या बोलण्याला!" वहिनी स्वतःच अजून हसत होती, आणि हसणाऱ्याच्या आवाजातलं खोटं बाईंना पकडता येत नसे.

कामावर गेल्यावर त्यांनी बोर्डवरून मेट्रनला गाठलं, मग लॅबवाल्याला. "मी पडते तो सीन आवडला का?" असा गळ टाकून पाहिला. दोघंही म्हणाले, "पडता कुठे? तुम्ही तर बोलता!" अगदी एकसारखं उत्तर. झालं, बाईंची खात्रीच पटली. वहिनीने सगळ्यांना पढवून ठेवलं होतं. आंधळ्याला वाईट वाटू नये म्हणून डोळस माणसं शपथेवर खोटं बोलतात. त्यांची जेवणावरची वासनाच उडाली.

मग एके दुपारी वर्गमित्राचा फोन आला. हा अंधशाळेतला सोबती, वेताच्या खुर्च्या विणायचा आणि तोंडाने भलता फटकळ होता.

"तुझा सिनेमा ऐकून आलो. इतका हसलो की शेजारचा खेकसला माझ्यावर."

"कशाला हसलास?"

"त्या ड्रायव्हरला झापलंस ना, तेव्हा."

"तिथे हसायचं असं कुणी सांगितलं तुला? वहिनीने फोन केला होता?"

"कोण वहिनी?"

"मग पडद्यावर काय दाखवत होते तेव्हा?"

"मला काय ठाऊक? मला दिसतं का, बये?"

बाईंना एकदम रडूच फुटलं. बोर्डवर बाकीच्या लाइनी वाजत राहिल्या, त्यांनी एकही उचलली नाही.

"परत सांग," त्या म्हणाल्या, "कुठे हसलास ते."