हातावर ठेवलेला काटा

ही गोष्ट मी सहा वर्षं टाळली. सांगायची वेळ आली नाही असं नाही. विहाराच्या ओट्यावर, चहाच्या टपरीवर, बरेचदा ती तोंडाशी यायची आणि मी पिकापाण्याचं काहीतरी बोलून मोकळा व्हायचो. आता नीट दिसत नाही, तरी स्वतःच लिहितो आहे. दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं तर आधी त्याला सांगावं लागेल.

शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याला, किन्हवलीच्या अलीकडे माझं सायकलचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार पत्रे, हवेचा पंप आणि पाण्याचं घमेलं. तिथे बसून मी चाळीस वर्षं पंक्चर काढली. माझी एक रीत होती. ट्यूबला ठिगळ लावलं की टायर बसवण्याआधी आतून बोटं फिरवायची, अख्खा फेरा. काटा, तार, काच, जे सापडेल ते काढून गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचं. बोलायचं काही नाही. काटा हातात पडला की माणूस निर्धास्त सायकलवर बसायचा. लांबचे लोकही माझ्याकडे एवढ्यासाठी येत, की हा आत बघितल्याशिवाय चाक बंद करत नाही.

मग डोळे अधू झाले. घमेल्यात ट्यूब बुडवली की बुडबुडे कुठून येतात ते दिसेना. साखरेच्या आजारानं बोटांची टोकंही बधिर झाली. घरी मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुकान बंद करा म्हणाले असते, आणि दुकानाशिवाय मी कोण, हे मला माहीत नव्हतं.

त्याच सुमारास शहापूरला पंक्चरच्या लिक्विडच्या बाटल्या मिळायला लागल्या. हिरवं, दाट, पेजेसारखं. व्हॉल्व्ह काढायचा, बाटलीचं तोंड लावून दाबायचं, व्हॉल्व्ह बसवून हवा भरायची आणि चाक चार वेळा गरगर फिरवायचं. ते आतून भोकात जाऊन बसतं. टायर उघडावाच लागत नाही. बारीक काट्याच्या भोकाला ती चीज खरंच चांगली आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण टायरच आतून फाटला असेल तर ती काही करू शकत नाही. हे मला कळत होतं.

आमच्याच वस्तीत माझा लहानपणापासूनचा मित्र राहायचा. किन्हवलीच्या पुढे एका गोदामावर वॉचमन होता, सायकलनं जायचा. तरुणपणी तो फार प्यायचा. बायको एकदा कंटाळून माहेरी निघून गेली होती. मग एके दिवशी त्यानं विहारात सगळ्यांसमोर पंचशील घेतलं आणि पाचवं शील, नशा न करण्याचं, आवाज चढवून म्हटलं. त्यानंतर अकरा वर्षं त्यानं थेंब घेतला नाही. बायको परत आली होती. त्याच्याजवळ मिरवण्यासारखं तेवढं एकच होतं आणि तो ते मिरवायचा.

एका सकाळी तो सायकल हातात धरून दुकानात आला.

"पुढचं चाक बसतंय रे सारखं. आणि फिरताना एका जागी उचलतंय."

"तुझ्या वजनानं उचलत असंल. जा, चहा पिऊन ये."

"चहाच पितो बाबा आता. दुसरं काय ठेवलंय तुमी लोकांनी माझ्यासाठी!"

चाक एका जागी उचलतं म्हणजे तिथे टायर आतून फाटलाय आणि ट्यूब फुगून बाहेर यायला बघतेय. सायकलच्या धंद्यात हे पहिल्या वर्षी शिकतात. टायर उघडून आतून जुन्या टायरचा तुकडा लावायला हवा होता, नाहीतर टायरच बदल म्हणून सांगायला हवं होतं. मी बाटली उचलली.

तो चहा पिऊन आला तेव्हा चाक कडक झालं होतं.

"झालं पण? एवढ्यात? काटा कुठं हाय?"

पत्र्याच्या डबीत माझ्याकडे जुने काटे पडलेले असायचे. त्यातला एक बाभळीचा काटा काढून मी त्याच्या हातावर ठेवला.

"एवढासा?" तो हसला. "यानं मला चार दिवस रडवलं? बायकोला दाखवतो. म्हणतो, बघ गो, तुझा भाऊ भेटलेला रस्त्यात."

कागदात गुंडाळून त्यानं तो शर्टाच्या खिशात ठेवला आणि गेला.

आठ दिवसांनी उतारावरच्या वळणावर तो पडला. डोक्याला मार, खुब्याचं हाड मोडलेलं. त्या वळणाखाली एका झोपडीत दारू मिळायची. दवाखान्यात काय तपासलं, काय नाही, हे कुणी विचारलं नाही. वस्तीनं संध्याकाळपर्यंत ठरवून टाकलं होतं, पिऊनच पडला.

सायकल टेम्पोतून माझ्याच दुकानात आली. मी पुढच्या टायरवर हात फिरवला. बधिर बोटांनाही कळलं. दोन बोटं जातील एवढी चीर, त्यातून ट्यूब फुटलेली, आणि सायकलच्या दांड्यावर उडून वाळलेलं हिरवं लिक्विड. रॉकेलच्या फडक्यानं मी ते पुसलं. टेम्पोवाल्यानं विचारलं, टायर कसा फाटला? म्हटलं, पडल्यावर फाटला असंल.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको आली. मूठ उघडली. हातात तो काटा होता.

"यांनी मला दाखवून परत खिशात ठेवलेला. तुमीच काढलेला ना, भावजी?"

"हो, वहिनी."

"म्हंजे चाक बघितलेलं तुमी. आतून."

"बघितलेलं."

तिनं काट्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मला वाटलेलं चाकाचंच काय असंल. अकरा वर्षं, भावजी." काटा तिनं माझ्या फळीवर ठेवला आणि गेली. तिच्या हातात असलेला एकमेव पुरावा मीच दिलेला होता, आणि तो खोटा होता.

त्याची नोकरी गेली. पुढे काठीवर चालायला लागला, पण त्या दिवसाचं त्याला काहीच आठवेना. घरातून निघालो, एवढंच. एकदा मला त्यानं हळूच विचारलं, "मी प्यायलो असंन का रे? तू मला ओळखतोस. सांग ना."

तेव्हा सांगायचं होतं. शब्द तयार होते. मी म्हणालो, "जाऊ दे रे. होतं माणसाकडनं."

माझ्या या वाक्यावर त्यानं विश्वास ठेवला. त्यानंतर विहारात वंदनेला तो माझ्या शेजारी बसायचा. चार शीलं सगळ्यांबरोबर म्हणायचा आणि पाचव्याला गप्प व्हायचा. मान खाली, ओठ मिटलेले. सगळ्यांचे आवाज चालू असायचे, मला फक्त त्याचं ते गप्प बसणं ऐकू यायचं. मी मात्र पाचवं शील नीट म्हणायचो. चौथं, खोटं न बोलण्याचंही.

मागच्या उन्हाळ्यात तो गेला. शेवटपर्यंत बायकोनं त्याचं सगळं केलं, पण त्या दिवसाबद्दल ती त्याच्याशी कधी बोलली नाही. त्याच्या पुण्यानुमोदनाला मंडपात एकेक जण उठून दोन शब्द बोलत होता. माझं नाव पुकारलं. मी उठलो. समोर वहिनी बसली होती. माझ्या खिशात तो काटा होता, तिच्या हातावर ठेवायला आणलेला. "माणूस चांगला होता," एवढं म्हणून मी खाली बसलो.

मंडपात जाताना पाठ करून गेलो होतो ते हे. वहिनी, काटा डबीतला होता. मी टायर उघडलाच नव्हता. तो प्यायला नव्हता. मित्रा, तू प्यायला नव्हतास. मला माफ कर.