धोंडिबांच्या पायातली नाडी

माझ्या नवऱ्यालाही हे ठाऊक नाही, आणि तोही डॉक्टरच आहे. आज पहिल्यांदाच सांगतेय — कुठून सुरू करू? यंत्रापासून की माणसापासून? माणसापासूनच.

आटपाडीच्या एका छोट्या दवाखान्यात मी नवीन होते. धोंडिबा आले ते पोटरी दाबतच. जन्म मेंढरांमागं गेलेला, विडी सुटत नव्हती. "बाई, बांधापतूर गेलं की पोटरी आवळती. बसलं की ऱ्हातं." पावलावर बोटं ठेवली, नाडी लागेना. मांडीतली रक्तवाहिनी चोंदली होती. विडी बंद, गोळ्या चालू, आणि रोज दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. इथवर मी काही चुकले नाही.

मग दवाखान्यात नाडीचा आवाज ऐकवणारं छोटं यंत्र आलं. धोंडिबांच्या घोट्यापाशी धरलं, तर आत काहीतरी बारीक सरसरत होतं. मुख्य वाट बंद, मग रक्त इथवर आलंच कसं? आडवाटा शोधून? चालून चालून त्या रुंदावतील? दर बाजारच्या दिवशी ते यायचे, मी ऐकायचे. आवाज वाढतोय असं वाटायचं. खरंच वाढत होता, की मला तो वाढायला हवा होता?

एकदा ते म्हणाले, "आता निजल्यावर बी लय ठणकतंय, बाई. पाय खाटंखाली सोडला की जरा बरं वाटतंय."

याचा अर्थ मला माहीत होता — नीट माहीत होता: बसूनही रक्त पुरत नव्हतं, पाय जायच्या बेतात होता. त्याच दिवशी त्यांना मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायला हवं होतं. पण तिथं मुख्य वाटच मोकळी करतील, आणि त्या आडवाटांचं पुढं काय होतं ते मला कधीच कळणार नाही...

"अजून थोडं बघू," मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली.

काही आठवड्यांत अंगठा काळा पडला. माझ्याच गाडीतून त्यांना मिरजेला नेलं. तिथल्या सर्जननं विचारलं, "निजल्यावर दुखणं कधीपासून?"

"परवापासून." उत्तर मी दिलं. धोंडिबांनी माझ्याकडं पाहिलं.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. लवकर नेलं असतं तर वाचला असता का? बहुतेक हो.

बाहेर त्यांच्या बायकोनं, सोनाबाईंनी, सगळ्यांदेखत वाकून माझ्या पायांना हात लावला. "तुमी व्हता म्हणून माणूस तरी ऱ्हायला, बाई."

मी त्यांना उठवलं नाही. पाय मागं घेतले नाहीत.