मूठवाल्या मावशीची फेरी

मूठवाली मावशी कुणाच्याही घरी गेली की आधी चुलीला हात लावायची. माणसांची विचारपूस नंतर. चपला दारात, ओलं इरलं पायरीवर आणि स्वतः सरळ स्वयंपाकघरात. चुलीच्या कडेवर तळहात टेकवायची, क्षणभर थांबायची, "हाय, ऊब हाय," असं स्वतःशीच म्हणायची आणि मग डबा पुढे करायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईला संधिवात असावा आणि ती लोकांच्या चुलींवर फुकटात शेकून घेत असावी.

डबा होता मुठींचा. रत्नागिरीत आमच्या चर्चच्या मंडळीची तेव्हा अकरा घरं. त्यांत चाल अशी, की स्वयंपाकाला तांदूळ मापून घेतले की त्यातलीच एक मूठ परत काढायची आणि वेगळ्या भांड्यात टाकायची. ती देवाची मूठ. शनिवारी काजूच्या कारखान्यातून सुटली की मावशी अकरा घरं फिरून ते तांदूळ गोळा करायची. पुढे ते कुठे जातात असं विचारलं तर म्हणायची, "भूक हाय तिथं." याहून जास्त पत्ता तिने कधी कुणाला दिला नाही.

मी लग्न होऊन नगरकडून रत्नागिरीच्या मांडवीत आले तेव्हा बावीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. आज हे लिहिताना हसू येतं, पण तेव्हा ती माझी प्रामाणिक समजूत होती. वचनं तोंडपाठ, अध्यायाच्या आकड्यासकट. संडे स्कूलच्या स्पर्धेत मिळालेला कप ट्रंकेत, साडीला कडक इस्त्री. आल्या आल्या मी मंडळीच्या गाण्यातल्या चुका काढल्या, मग फुलदाण्यांच्या जागा बदलल्या, मग वडीलधाऱ्यांना प्रार्थना आटोपशीर कशी करावी ते समजावलं. दुसऱ्याच आठवड्यात मावशीने माझं नाव 'मास्तरीणबाई' ठेवलं. मी तो मान समजले. चांगली वर्षभर समजत होते!

मावशीची बोटं काजूच्या चिकाने काळी पडलेली होती. ती बोटं माझ्या पांढऱ्याशुभ्र तांदळात शिरताना मला कसंसंच व्हायचं. एकदा मी मोठ्या अदबीने डाव पुढे केला.

"डावाची मूठ होत नाय गो," मावशी म्हणाली. मग दोन्ही हात माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "काळे हायत. मळके नायत."

उपवासकाळ आला, म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. मी विचार केला, रोज दोन वेळा आठवणीने मूठ काढत बसायचं कशाला? पहिल्याच दिवशी पोत्यापुढे बैठक मारली आणि ऐंशी मुठी एका दमात काढून पिशवीत बांधल्या. शनिवारी पिशवी मावशीच्या हातात ठेवली आणि म्हटलं, "घ्या, चाळीस दिवसांचं झालं. आता ईस्टरपर्यंत ही चढण चढायचा त्रास नको तुम्हाला."

मावशीने पिशवी हातात तोलली. "मास्तरीणबाई, प्रार्थनेत भाकर किती दिवसांची मागतेस?"

"रोजची," मी प्रभूच्या प्रार्थनेतलं उत्तर चटकन दिलं. उत्तरं द्यायची मला सवयच होती.

"मग रोजचीच दे. का चाळीस दिवसांचं एकदम जेवून ठेवलंस?"

आणि तिने अख्खी पिशवी पुन्हा पोत्यात ओतली. वर्तमानपत्राच्या आड माझे यजमान हसत होते. कागद हलत होता त्यावरून कळलं. मी एक मूठ काढून देईपर्यंत मावशी तिथून हलली नाही.

तिची फेरी ऋतू बघून वळण बदलायची, पण चुकायची नाही. आंब्याच्या दिवसांत घरोघरी मुंबईचे पाहुणे भरलेले असायचे, तेव्हा ती दारातूनच ओरडायची, "माणसं वाढली, मूठ वाढली काय?" भाद्रपदात जुना तांदूळ सरायला आलेला असे, तेव्हा नाचणीची मूठ चाले. कापणी झाली की नव्या तांदळाची पहिली मूठ ती डब्यात टाकण्याआधी हुंगायची आणि डोळे मिटायची. ती काय प्रार्थना करत होती की नुसती हुंगत होती, हे मला अजून कळलेलं नाही. दोन्ही एकच असेल.

मावशीच्या शेजारी हलिमाबी राहायची. तिचा नवरा मासेमारीच्या होडीवर. पावसात होड्या वर ओढलेल्या असत आणि त्या घरात ओढगस्त असे, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. तरी एका श्रावणात तीच मूठ घेऊन दारात उभी राहिली. "मावशी, माझी पण न्या. भूक काय फक्त तुमच्या चर्चात येते?" तेव्हापासून मावशीची फेरी बारा घरांची झाली.

एका शनिवारी आमची चूल थंड होती. एका गीताच्या चालीवरून माझं आणि यांचं भांडण झालं होतं, आणि मी स्वयंपाकावर बहिष्कार टाकला होता. मावशीने चुलीला हात लावला, मग माझ्या तोंडाकडे बघितलं. काटक्या मोडून चूल पेटवली, आधण ठेवलं आणि आतूनच हाक मारली, "साहेब, कांदा चिरा." साहेबांनी जन्मात पहिल्यांदा कांदा चिरला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मी, मेली, ते पश्चात्तापाचं समजून विरघळले. भात झाला, आम्ही जेवलो. जाताना मावशी मूठ मात्र घेऊनच गेली.

एवढं सगळं पाहूनही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. पाच-सहा वर्षांनी मीच बैठकीत सूचना मांडली: चर्चच्या पडवीत एक झाकणाचं पिंप ठेवावं आणि रविवारी येताना प्रत्येकाने आपापले तांदूळ त्यात ओतावेत. "मावशींचं वय झालं. पावसापाण्यात किती फिरवायचं त्यांना?" मी फार कळवळून बोलले. त्यात थोडी माया होती आणि बरीचशी टापटिपीची हौस. सूचना एकमताने मंजूर झाली. मावशी एवढंच म्हणाली, "पिंप चांगलं हाय. झाकण घट्ट लावा, उंदीर येतील."

त्याच पावसाळ्यातली गोष्ट. एका रविवारी मावशी चर्चला आली नाही. पाऊस आहे, वय आहे, आम्ही म्हटलं. त्या दिवशी मी गाणं फार सुरेख म्हटलं होतं, हे मला लाजिरवाणं स्पष्ट आठवतं. दुपारी हलिमाबी भिजत आमच्या दारात आली.

"बाजी, मावशीला कुणी बघितलं का? काल माझी मूठ न्यायला आल्या नाहीत. वाटलं, पावसामुळे असेल. पण आज दारही लावलेलं."

हलिमाबी काही आमच्या चर्चला येत नव्हती, त्यामुळे तिच्यासाठी पिंप नव्हतं. तिच्या एका घरी मावशी अजून शनिवारी जात होती. म्हणजे सगळ्या रत्नागिरीत मावशीची वाट बघणारं तेवढं एकच दार मी शिल्लक ठेवलं होतं.

आम्ही धावलो. मागच्या चिऱ्याच्या पायरीवर शेवाळ धरलं होतं, तिथे ती शुक्रवारी संध्याकाळी घसरली होती. सरपटत घरात आली आणि तिथेच पडून राहिली. खुबा मोडला होता. शुद्ध होती. यांनी आणि शेजाऱ्यांनी तिला उचललं, आणि त्या गडबडीत माझा हात आपोआप तिच्या चुलीकडे गेला. राख भिजल्यासारखी गार होती. दोन दिवस त्या घरात काही शिजलं नव्हतं, आणि आमचं पिंप काठोकाठ भरलेलं होतं.

इस्पितळात मी तिच्या खाटेशी बसले. तोंडपाठ असलेल्या वचनांतलं एकही आठवेना. मावशीनेच तोंड उघडलं.

"पिंपानं विचारलं काय गो, मावशी कुठं हाय म्हणून?"

मी रडायला लागले.

"रडतेस काय? मी तांदूळ न्यायला येत होते असं वाटलं तुला? तांदूळ पोरगंही आणून देईल. कुणाच्या घरात ताप हाय, कोण रुसून बसलंय, कुणाची चूल पेटली नाय, हे दारातून दिसत नाय. आत जायला काहीतरी निमित्त लागतं." थोडा दम घेऊन म्हणाली, "डबा खुंटीला हाय. तुला पाय हायत ना?"

कापणीच्या सणाआधीच मावशी गेली. सणाला वेदीपुढे भाताच्या लोंब्या, नारळ, काकड्या मांडल्या होत्या. त्यांत मी तिचा डबा ठेवला, आणि उपासना संपल्यावर उचलून घरी आणला.

माझी पहिली फेरी म्हणजे नुसती फजिती. तोवर गॅस आले होते. पहिल्याच घरी शेगडीला हात लावून बोटं भाजून घेतली. दुसऱ्या घरी सवयीने उपदेश सुरू केला, तर यजमानीण म्हणाली, "बाई, सरका, दूध उतू चाललंय." तिसऱ्या घरी मी गप्प बसून राहिले, आणि तिथली सून आपणहून बोलायला लागली. पोटातलं मूल गेल्याचं तिने तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी शनिवार चुकवलेला नाही. हे गेले, त्या आठवड्यात सगळ्यांना वाटलं, आता काही येत नाही ही. शनिवारी डबा उचलला आणि निघण्याआधी माझ्याच शेगडीला हात लावला. गार होती. परत फिरले, मूठ काढली, उरलेल्याचा भात टाकला, एकटीने जेवले आणि मग बाहेर पडले. त्या दिवशी अर्ध्या घरांत मला बघून लोकच रडले, आणि मलाच त्यांना चहा करून द्यावा लागला.

आता सोळा घरं आहेत. मुंबईची नात म्हणते, "आजी, गुडघे बघ तुझे. आपण ग्रुप करू ना! सगळ्यांनी शनिवारी गॅसचा फोटो टाकायचा." मी म्हटलं, "फोटोला हात लावून ऊब कळते का गं?" ती पिंपाचंही विचारत होती. ते चर्चच्या बागेत आहे. पाणी साठवायला उत्तम.

एक खोड मात्र माझी स्वतःची, मावशीची नव्हे. महिन्यातून एखाद्या शनिवारी मी मुद्दाम अर्धा तास उशिरा निघते आणि फोन शेजारी घेऊन बसते. बहुतेक वेळा पहिला फोन हलिमाबीच्या सुनेचा येतो. "आजी, कुठे आहात? मूठ कधीची काढून ठेवलीय. बरं आहे ना? मी येऊ का?"

"काही नाही गो, चपला सापडत नाहीयेत," मी सांगते.

चपला पायातच असतात, आणि डबा मांडीवर.