मोहाच्या दारूनं सोडवलेली अफू

माझा नवरा अफू खायचा तोवर भला माणूस होता. हे बोलले की माझ्या सुना तोंडाला पदर लावतात. लावा बाई, हसा. ज्यांनी मार खाल्ला नाही त्यांना हसू येणारच.

माझं सासर आसेगावच्या बाजूचं. पहाटे वाटाण्याएवढी गोळी, दिवस मावळताना तेवढीच, वरून गोड चहा. मग दिवसभर वखर धरायचा, निंदायला आलेल्या बायांशी नीट बोलायचा, माझ्यावर कधी आवाज चढवला नाही. डोळे जड आणि जेवताना घास हातात धरून डुलकी, एवढाच त्याचा गुन्हा. तालुक्याला सरकारी ठेक्यावर अफू मिळायची. आम्हाला मध्यप्रदेशातून काढून मुंबई राज्यात घातलं, त्याच्या पुढंमागं तो ठेका बंद झाला. सरकारचं काय जातं कुलूप लावायला!

घरातली गोळी संपली आणि दुसऱ्याच दिवशी त्याला जांभया सुरू झाल्या, जबडा निखळेल अशा. नाक गळायला लागलं, अंगावर काटा, पोटात मुरडा. पाय तर असे झाडायचा की बाजेचा सुंभ तुटला. म्हणायचा, हाडाच्या आत मुंग्या फिरून राह्यल्या. मी पार घाबरले. माझी पोट्टी तेव्हा अंगावर पिणारी होती.

माझा थोरला दीर गोऱ्हे वठणीवर आणण्यात नावाजलेला. नवा गोऱ्हा जुवाला खांदा देईना की त्याला गोठ्यातल्या खुंट्याला आखूड दाव्यानं बांधायचं, वैरण तोडायची, बसू द्यायचं नाही आणि मान खाली घालीपर्यंत झोडायचं. त्यानं हेच औषध सख्ख्या भावाला दिलं. लत अंगात शिरते, अंग ठोकलं की निघते, हे त्याचं शास्त्र. सासू म्हणायची नजर लागली. शेजारचा म्हातारा म्हणाला, मागच्या जन्माचं आहे. ज्याच्या त्याच्याजवळ आपापलं कारण होतं आणि मार खाणारा एकटा होता. दाव्यानं त्याच्या मनगटांची सालटी निघाली. त्यानं खुंट्यावर डोकं आपटून कपाळ फोडून घेतलं. मी पाया पडले तरी दीर म्हणाला, "मान खाली नाई घातली अजून. सोडत नाई त्याले."

मान खाली गेली ती तो बेशुद्ध पडला तेव्हा. मग दिराची फाटली. पळत जाऊन मोहाची दारू आणली आणि थोडी थोडी त्याच्या घशात ओतली. पाय थांबले, अंग निवलं. मग दीर रोज पाजत राहिला. महिन्याभरात तो हिंडूफिरू लागला आणि दीर मिशीला पीळ देत गावभर सांगत सुटला की काट्यानं काटा काढला.

कुठला काढला, चांगला खोल रुतवला. दारू पोटात गेली की हाच माणूस दुसरा व्हायचा. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून माझा हात पिरगाळून मनगटात मोडला. हाडवैद्यानं कामट्या बांधल्या, त्या निघायच्या आधी समोरचा दात गेला. अंगणात केस धरून फरफटलं तेव्हा सगळा गाव बघत होता आणि म्हणत होता, अफू तर सुटली ना बिचाऱ्याची! आग लागो त्या सुटण्याला. माझं जाऊ द्या, माझा जीव पोट्टीत अडकलेला. ती रडली की तो झोळीकडं बघायचा. एकदा त्यानं झोळीला लाथ घातली, पोट्टी त्यात होती. तेव्हापासून मी एकच बघत होते, की हिनं रडू नये. सुदैवानं ती फारशी रडत नसे. मी वावरात गेले की दिवसभर आजीजवळ झोपून असायची. सासू म्हणायची, मोठी गुणाची आहे.

मग एक दिवस तो न पिता घरी आला. शांत. भाकर खाल्ली, घास हातात धरून पेंगला, माझ्याकडं बघून हसलासुद्धा. दारू सुटली असं समजून मी मूर्खासारखा मारुतीला नारळ फोडला.

पोट्टी दुसऱ्या दिवशी रडायला लागली, ती थांबेचना. दूध तोंडात घेईना, काळीनिळी झाली. तो बाजेवरून उठला. मी तिला पोटाशी धरलं, दुसऱ्या हातात विळा घेतला आणि म्हणाले, "हात लावसान तं चिरून टाकीन." खरंच चिरला असता. त्यानं विळ्याकडं बघितलंच नाही. पोट्टी जांभई देत होती, जांभईवर जांभई. नाक गळत होतं. पाय झाडत होती. तो मटकन खाली बसला.

"हिले भूक नाई लागली," तो म्हणाला. "हिले तलप आली."

त्यानं खिशातून एक रिकामी डबी काढली. सासूच्या उतरंडीत त्याला ती आदल्या दिवशी सापडली होती. आतली अफू त्यानं एकट्यानं खाल्ली होती. ती पोट्टीची होती, ठेका चालू असताना सासूनं साठवलेली. सासू रोज मोहरीएवढी तिच्या जिभेला लावायची. कापूस वेचायला जाणाऱ्या साऱ्याच बाया लावत, पोरं निजतात म्हणून. सासूनं लपवलंही नाही. म्हणाली, "तुलेबी अशीच लावून मोठा केला. मी वावरात गेली नसती तं खाल्लं काय असतं?"

त्यानं आईला लाथ घातली. ती उतरंडीवर पडली, मडकी फुटली, कानशिलातून रक्त आलं. त्यानं आणखी मारलं. मी सोडवायला उठले नाही आणि आजही मला त्याचं वाईट वाटत नाही. आरडाओरडा ऐकून दीर दावं घेऊन धावत आला. नवऱ्यानं पोट्टी माझ्याकडून घेतली आणि त्याच्यापुढं धरली.

"घे, हिले बांध खुंट्याले. मान खाली घालतवर मार."

दीर दावं घेऊन परत गेला.

पोट्टी तापली, ओकली, वाळून काडी झाली. गेलीच असं मला दोनदा वाटलं. तो दारूला शिवला नाही. हात कापत होते त्याचे, तरी तिला छातीशी बांधून अंगणात फिरायचा, बोटानं तिच्या ओठांवर दूध सोडायचा, तिला सांगायचा की मुंग्या जातात, थोडं थांब. अखेर एका दुपारी ती पोटभर प्याली आणि आपल्या आपण झोपली. त्यानं तिला झोळीत ठेवलं आणि टोपी घालून बाहेर पडला. कुठं चालला ते विचारायची गरज नव्हती.

संध्याकाळी तर्र होऊन आला. वरणात पाणी जास्त झालं म्हणून त्यानं मला मारलं, पण एका हातानं माझं तोंड दाबून, पोट्टी उठू नये म्हणून.