फ्राऊ केलरने विचारलं नाही, मग कोणी विचारलं?

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली बाई आहे मी. भूतबाधा, दृष्ट, अपशकुन... कुणी काढलं की मी सरळ उठून चहा टाकायला जाते. तरी हे लिहितेय, कारण गेली काही वर्षं हे डोक्यातून जात नाही आणि आमच्या ह्यांच्याशी बोलून बोलून दोघंही दमलोय.

साठ सालानंतरची, म्हणजे सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. हे जर्मनीत कार्ल्सरूहेला पीएच.डी. करत होते. शहरात खोली परवडेना म्हणून आम्ही जवळच्या डोंगरातल्या एका खेड्यात फ्राऊ केलरच्या, म्हणजे केलरबाईंच्या, घरी खालच्या मजल्यावर राहायचो. विधवा बाई, एकटी, जिभेची तिखट. हिवाळा लागला की आम्हाला अंगणात उभं करून शिकवणी घ्यायची. डिकीत फावडं, वाळूची पिशवी, घोंगडी. रात्री हँडब्रेक ओढायचा नाही, गोठून बसतो. गाडी गिअरमध्ये ठेवायची. आणि बर्फावर घसरू नये म्हणून चाकांना लोखंडी साखळ्या कशा चढवायच्या, ते तर ह्यांच्याकडून इतकं घोटून घेतलं की बोटं निळी पडली बिचाऱ्यांची. "आल्झो, नॉख माल!" म्हणजे, चला, पुन्हा एकदा!

बाईची एक गंमत होती. आम्ही आठवडाभर बाहेर निघालो तरी निरोप एकच. "बिस ग्लाइश!" म्हणजे, येताच की लगेच. मला हसू यायचं.

त्या हिवाळ्यात मला आठवा महिना होता. पहिलं बाळ पोटातच गेलेलं. ब्लड प्रेशर वाढलं होतं, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की सोमवारी सकाळीच येऊन ॲडमिट व्हा, उशीर नको. मला रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. बाळ हललं की जिवात जीव यायचा, थांबलं की पुन्हा धडधड.

सोमवारी लख्ख ऊन पडलेलं. हे म्हणाले, "रस्ता मोकळा दिसतोय. साखळ्या राहू देत, वेळ जाईल." मी काय बोलणार? मला तर उडत जायचं होतं. पिशवी टाकली, बसले, ह्यांनी गाडी सुरू केली. वर खिडकीत फ्राऊ केलर उभी होती, तिने हात हलवला.

आणि आवाज आला.

"कुठेऽ?"

बायकी आवाज. स्पष्ट. मागून, वरच्या बाजूने.

ह्यांनी गाडी बंद केली. आता हे तुम्हाला सांगायला नको, पण ह्यांच्या घरच्यांत, बाहेर निघालेल्या माणसाला 'कुठे' विचारणं म्हणजे महापाप. कामाला खोडा बसतो म्हणे. विचारायचंच असेल तर "लांब का?" म्हणायचं. आणि कुणी विचारलंच, तर परत फिरायचं, घटकाभर टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं, मग निघायचं.

"अहो, काय हे!" मी भडकलेच. "ती 'गूटे फार्ट' म्हणाली असेल! गूटे! सुखरूप जा म्हणतेय बिचारी, आणि तुम्हाला 'कुठे' ऐकू येतंय. पुढचं फार्ट इंजिनच्या आवाजात बुडालं."

"तुला काय ऐकू आलं?"

मलाही 'कुठे'च ऐकू आलं होतं.

"दोन मिनिटं," हे म्हणाले आणि घरात गेले. डॉक्टरेट करणारा माणूस! मी गाडीत बसून रडायच्या बेतात. जर्मनीत येऊनसुद्धा सासूबाईंच्या सोवळ्यातून सुटका नाही म्हणून मनातल्या मनात काय काय बोलले, ते इथे लिहीत नाही. पाणी पिऊन बाहेर आले आणि म्हणाले, "वेळ गेलाच आहे, तर साखळ्या चढवूनच टाकतो." मी कपाळावर हात मारला.

निघालो. उतारावर पाणचक्कीच्या वळणापर्यंत सगळं ठीक होतं. त्या वळणावर ऊन पोचतच नाही. रस्ता काचेसारखा. आणि वळण घेतो तोच समोर ओंडक्यांचा ट्रक, पूर्ण आडवा, ओंडके रस्ताभर. ह्यांनी हळूहळू ब्रेक दाबला. साखळ्या करकरल्या, बर्फात रुतल्या, गाडी थांबली. ओंडका अगदी हाताशी होता. मी दोन्ही हात पोटावर धरून बसले होते. बाळाने सणसणीत लाथ मारली. आयुष्यात इतका आनंद कशाचा झाला नसेल मला.

ट्रकवाला पांढराफटक पडला होता. "आत्ताच घसरला हो," म्हणाला. "तेव्हा खालून-वरून कुणी आलं नाही, देवाची कृपा." मग त्याने आणि ह्यांनी ओंडके बाजूला लोटले, वाळू टाकली, कडेने वाट काढली. हॉस्पिटलला पोचलो. त्याच आठवड्यात आमची मुलगी झाली, ठणठणीत.

बाळाला घेऊन घरी आलो, तेव्हा मी फ्राऊ केलरला मिठीच मारली. म्हटलं, तुमच्या 'गूटे फार्ट'ने वाचवलं आम्हाला! सगळा किस्सा हसत हसत सांगितला.

ती हसली नाही. बाळाच्या कपाळावरून बोट फिरवत राहिली.

"मी ते कधीच म्हणत नाही," ती म्हणाली. "माझा नवरा एका हिवाळ्यात निघाला, तेव्हा मी दारातून मोठ्याने 'गूटे फार्ट' म्हटलं होतं. तो परत आला नाही. त्यानंतर ते शब्द तोंडातून काढले नाहीत मी. त्या दिवशी मी फक्त हात हलवला. खिडकी तर बंदच होती."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ह्यांच्याकडे.

मग कोण होतं? शेजारचं घर लांब, त्यात कुणी नाही. सासूबाई म्हणाव्यात, तर त्या पुण्यात धडधाकट होत्या, आणि त्यांनी जन्मात कुणाला 'कुठे' विचारलं नसतं. कान वाजले म्हणावं, तर दोघांचे एकदम? फिजिक्समध्ये मला तरी याचं उत्तर सापडलेलं नाही.

मुलगी आता शाळेत जाते. आम्ही मराठीत विचारतो, ती जर्मनमध्ये उत्तर देते. हिवाळ्यात कुठेही निघायचं झालं की तिला एक गोष्ट कळत नाही. साखळ्या चढवून झाल्या, गाडी सुरू झाली, तरी आई-बाबा काचा खाली करून, कडाक्याच्या थंडीत, क्षणभर गप्प का बसतात?

"वोराउफ वार्टेन विअर?" ती मागून विचारते. कशासाठी थांबलोय आपण?

कुणी काही विचारत नाही ना, तेवढं ऐकतो. मग निघतो.